वाचकांचे प्रश्न: इकॉलॉजीत पीएचडी करायची आहे, पैसे कुठून येतील?

पर्यावरणशास्त्र आणि इकॉलॉजी या विषयांत फेलोशिप घेऊन पीएचडी करू इच्छिणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत, गावाचं नाव तेवढं ठेवलं आहे.

प्रश्न: एमएस्सी पर्यावरणशास्त्र ६२ टक्क्यांनी झाली आहे. पीएचडी करायची आहे, पण घरून पैसे मागायचे नाहीत. नेट, गेट, पेट यांतली नेमकी कोणती परीक्षा द्यावी? (सातारा)

परीक्षेआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पीएचडीला पैसा, प्रवेश आणि गाईड अशा तीन गोष्टी लागतात. आपल्याकडे या तिन्हींचे अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या आणि कागदपत्रंही वेगळी. बहुतेकांचं वर्ष वाया जातं ते हुशारी कमी पडल्यामुळे नव्हे, तर एक गोष्ट हातात आल्यावर दुसरीची तारीख उलटून गेल्यामुळे.

पैशाचा सगळ्यांत भक्कम मार्ग म्हणजे जेआरएफ, अर्थात कनिष्ठ संशोधन फेलोशिप. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाली की ४२,००० रुपये. एकूण मुदत पाच वर्षं. ही फेलोशिप तुमच्या नावावर असते, कुठल्या संस्थेच्या नाही. त्यामुळे गाईडकडे जाताना तुम्ही पगार मागायला जात नाही, स्वतःचा पगार घेऊन जाता.

तुमच्या विषयात जेआरएफसाठी दोन दारं आहेत. पहिलं यूजीसी नेट, विषय पर्यावरणशास्त्र. पहिला पेपर सामान्य, ५० प्रश्न. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, म्हणजे एकूण ३००, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. दुसरं दार सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय लाइफ सायन्सेस. ती २०० गुणांची, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. पर्यावरणशास्त्राची मुलं या दुसऱ्या परीक्षेला घाबरतात, कारण अभ्यासक्रमाच्या तेरा घटकांत जैवरसायन, पेशीविज्ञान आणि रेणवीय जीवशास्त्र ठासून भरलं आहे. पण प्रश्नपत्रिकेची रचना पाहा. ‘ब’ भागात ५० पैकी ३५ आणि ‘क’ भागात ७५ पैकी फक्त २५ प्रश्न सोडवायचे असतात. ‘क’ भागाचा प्रत्येक प्रश्न ४ गुणांचा, म्हणजे निम्मी परीक्षा त्या पंचवीस प्रश्नांतच आहे. सगळे तेरा घटक अर्धवट वाचण्यापेक्षा परिसंस्थेची तत्त्वं, उत्क्रांती आणि वर्तन, सजीवांची विविधता, आनुवंशिकता, उपयोजित जीवशास्त्र आणि संशोधनपद्धती हे सहा घटक पक्के करा. जोडीला वनस्पती किंवा प्राणी शरीरक्रियाविज्ञान घ्या. ‘अ’ भागातल्या साध्या गणिताला कमी लेखू नका, तिथले ३० गुण कुठल्याही शाखेच्या मुलाला मिळवता येतात.

गेटचं गणित वेगळं आहे. इकॉलॉजी आणि उत्क्रांती असा तिचा स्वतंत्र पेपर आहे आणि त्यात संख्याशास्त्राला चांगलं वजन आहे. गुण तीन वर्षं चालतात. पण गेट स्वतः फेलोशिप देत नाही. ती बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी मुलाखतीचं दार उघडते, पुढचा पैसा संस्था देते. तिथलं परिसंस्थाशास्त्र केंद्र १९८३ मध्ये माधव गाडगीळ यांनी उभं केलं, आणि या विषयासाठी आजही ते देशातल्या पहिल्या पसंतीच्या ठिकाणांपैकी आहे. बेंगळुरूच्याच एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात जायचं असेल तर डिसेंबरमधली जीबिल्स ही प्रवेशपरीक्षा आहे. पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था आणि बेंगळुरूची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था यांच्या जाहिराती स्वतंत्रपणे येतात.

विद्यापीठांच्या पेटमधून, म्हणजे पीएचडी प्रवेशपरीक्षेतून, फक्त प्रवेश मिळतो, पैसा नाही.

आमचा सल्ला असा: दोन्ही नेट आणि गेट, तिन्ही द्या. अभ्यास बराचसा सामाईक आहे. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. डिसेंबरच्या नेटसाठी केलेली तयारी तिथे ताजी असते.

प्रश्न: नेटच्या निकालात ‘फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र’ असं आलं आहे. म्हणजे फेलोशिप मिळेल ना? (मालेगाव)

नाही. २०२४ पासून यूजीसी नेटचा निकाल तीन वर्गांत लागतो: जेआरएफसह, जेआरएफविना सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश, आणि केवळ पीएचडी प्रवेश. तुमचा तिसरा वर्ग. त्यावर विद्यापीठात पेट न देता अर्ज करता येतो. गुणवत्ता यादीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. हे गुण एकच वर्ष चालतात, तेव्हा पुढच्या जाहिरातीची वाट पाहू असं म्हणून बसू नका.

पैशासाठी तुमच्यापुढे राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय. यांचा क्रम जेआरएफच्या उलटा आहे: आधी पीएचडीची नोंदणी, मग फेलोशिपचा अर्ज. जाहिरात ठरावीक महिन्यात येत नाही. आली की हातात दिवस थोडे असतात. म्हणून जात वैधता प्रमाणपत्र, चालू आर्थिक वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर, अधिवास प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचं नोंदणीपत्र ही फाइल आजच तयार ठेवा. घोळ होतो तो शेवटच्या कागदावर. विद्यापीठ आधी तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र देतं आणि संशोधन समितीची बैठक झाल्यावर विषयासह पक्कं नोंदणीपत्र देतं. जाहिरातीत यातलं कोणतं मागितलं आहे आणि नोंदणीची तारीख कुठून कुठपर्यंतची चालेल, हे शब्दशः वाचा. तात्पुरतं पत्र जोडून अर्ज बाद झालेले दरवर्षी भेटतात.

एका वेळी एकच फेलोशिप घेता येते, आणि तसं हमीपत्र द्यावं लागतं.

प्रश्न: बऱ्याच प्राध्यापकांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय? (कोल्हापूर)

तुम्ही पाठवलेला मेल पत्रासोबत आला आहे. त्यात ‘आदरणीय महोदय’, मग स्वतःची पदवी, मग ‘आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करायला तयार आहे’ आणि शेवटी नऊ पानांचा बायोडेटा. हा मेल कोणालाही जाऊ शकतो, म्हणून तो कोणालाच लागू पडत नाही. ‘कोणत्याही विषयावर’ हे शब्द तुम्ही नम्रपणे लिहिले, पण वाचणाऱ्याला ते ‘मी तुमचं काम वाचलेलं नाही’ असे वाटतात.

दीडशे ते दोनशे शब्द पुरे. विषयाच्या ओळीत तीन गोष्टी: पीएचडी २०२६, जेआरएफ आहे की नाही, आणि विषय. जेआरएफ असेल तर ते विषयाच्या ओळीतच हवं, मेलच्या तळाशी नको. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या गेल्या तीन-चार वर्षांतल्या एका शोधनिबंधातली नेमकी गोष्ट घ्या. कौतुक नको, प्रश्न हवा. उदाहरणार्थ: ‘तुमच्या निबंधात ओढ्यातल्या चतुरांच्या अळ्या फक्त उन्हाळ्यात मोजल्या आहेत. पावसाळ्यानंतर पाण्याचा वेग बदलल्यावर हाच क्रम टिकतो का, हे मला पाहायचं आहे.’ दुसऱ्या परिच्छेदात तुम्हाला काय करता येतं ते लिहा: एमएस्सीच्या प्रबंधाचा प्रश्न, नमुन्यांची संख्या, वापरलेलं विश्लेषण. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरबद्दल नुसतं ‘आर येते’ असं न लिहिता ‘आरमध्ये सामान्यीकृत रेषीय प्रतिमाने चालवली आहेत’ असं लिहा. तिसऱ्यात थेट विचारा: येत्या सत्रात तुमच्याकडे जागा आहे का?

हा शेवटचा प्रश्न अगदी साधा पण महत्त्वाचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. जागा भरलेल्या असतील तर तुमचा मेल कितीही चांगला असो, उत्तर येणार नाही. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची रिक्त जागांची यादी बघा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, हेही तपासा.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, एकदाच. आणि त्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोला. गाईड प्रबंधाचा कच्चा खर्डा किती दिवसांत वाचून देतात, फील्डचा खर्च कोण करतं, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, ही माहिती तिथेच मिळते. पाच वर्षांचा संबंध जोडताना एवढी चौकशी करण्यात गैर काही नाही.

प्रश्न: ‘कोकणातील सड्यांची जैवविविधता व मानवी हस्तक्षेप’ या विषयावर आराखडा लिहिला होता. मुलाखतीत ‘यात प्रश्न कुठे आहे?’ एवढंच विचारून संपवलं. आराखडा कसा लिहितात? (सावंतवाडी)

समितीने विचारलं ते योग्यच होतं. तुमचं शीर्षक म्हणजे गाठोडं आहे. त्यात गवत, बेडूक, पक्षी, खाणी, पर्यटन सगळं मावतं आणि म्हणूनच हाती काही लागत नाही. सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, हा मात्र फार चांगला विषय आहे, तेव्हा त्याचीच उकल करून पाहू.

हस्तक्षेपांतला एक निवडा. समजा, सड्यावर सुरुंग लावून, माती भरून आंबा-काजूची लागवड होते, आणि सुटे दगड उचलून गडग्यांना (दगडी कुंपणांना) वापरले जातात. त्या सुट्या दगडांखाली पाली, साप, विंचू, देवगांडूळ राहतात. आता प्रश्न असा होतो: लागवड झालेल्या सड्यावर दगडांखालचे सरपटणारे आणि उभयचर प्राणी कमी होतात का, आणि होत असतील तर दगड गेल्यामुळे की सावली आणि माती बदलल्यामुळे? दुसऱ्या अर्ध्यामुळे हा पीएचडीचा प्रश्न झाला. फक्त पहिला अर्धा ठेवला तर ती यादी होते.

मग रचना. येथे सर्वाधिक आराखडे कोसळतात. एका लागवडीच्या सड्यावर वीस चौकोन आणि एका मोकळ्या सड्यावर वीस चौकोन आखले तर तुमचे नमुने चाळीस नाहीत, दोन आहेत. फरक दिसला तरी तो लागवडीमुळे की त्या दोन सड्यांच्या उंचीमुळे, पावसामुळे, रस्त्यामुळे, हे सांगता येणार नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला आभासी पुनरावृत्ती असं नाव दिलं, आणि मुलाखतीतला जाणता परीक्षक पहिल्यांदा तीच शोधतो. उपाय: सहा लागवडीचे आणि सहा मोकळे असे बारा सडे घ्या, शक्यतो उंची आणि समुद्रापासूनचं अंतर सारखं असलेल्या जोड्या लावून. प्रत्येक सड्यावर तीन पट्टे. विश्लेषणात सडा हा एकक, पट्टे त्याच्या पोटात.

आता वेळेचा हिशेब आराखड्यातच मांडा. एका दिवसात एक सडा, म्हणजे तीन पट्टे. प्राणी दिसला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, म्हणून प्रत्येक सड्याला एका मोसमात तीन फेऱ्या हव्यात. बारा गुणिले तीन, छत्तीस दिवस. जून ते सप्टेंबरच्या कोकणी पावसात तीन-चार दिवसांमागे एक दिवस बुडतो असं धरा. पन्नास दिवस ठेवा.

आणि किती पावसाळे मिळणार ते मोजा. हे कोणी मोजत नाही! ऑगस्टमध्ये प्रवेश झाला तर पहिला पावसाळा हातचा गेला. किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क पूर्ण होईपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडतो. दुसरा पावसाळा हा पहिला खरा मोसम, आणि त्यातही निम्मा वेळ सडे ठरवण्यात आणि जागामालक शोधण्यात जातो. पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये कामाचे पावसाळे तीनच येतात, कारण शेवटचा लिखाणात जातो. म्हणून प्रश्न दोन मोसमांत सुटेल असा बेता आणि तिसरा राखीव ठेवा. पावसाने दगा दिला तर तो उपयोगी पडतो.

परवानगीचा परिच्छेद विसरू नका. कासचं पठार वनखात्याकडे आहे. तुमच्या भागातले बरेचसे सडे मात्र खासगी किंवा सामायिक मालकीचे आहेत. एका सातबाऱ्यावर वीस नावं असू शकतात आणि त्यातली निम्मी मुंबईत. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, पण वाडीतल्या माणसांना आधी जाऊन भेटा. अनोळखी माणूस दगड उलटतो आहे म्हटल्यावर पहिली शंका खाणीच्या सर्वेक्षणाची येते. प्राणी हाताळणार असाल तर वन्यजीव कायद्याखालची परवानगी वेगळी. आणि उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, हेही आराखड्यात लिहा. परीक्षकाला त्यातून कळतं की तुम्ही सड्यावर गेलेले आहात.

खर्चाचा तक्ता खरा असू द्या. यूजीसीच्या जेआरएफला विज्ञान शाखेत पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्चासाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पन्नास दिवसांवर वाटले तर दिवसाला २४० रुपये. त्यात पेट्रोल, सोबत्याची मजुरी आणि मुक्काम बसत नाही. सीएसआयआरचे २०,००० मिळाले तरी फार फरक पडत नाही. फरक गाईडच्या चालू प्रकल्पातून भागेल का, हे आधी विचारा. नाहीतर ब्रिटनमधल्या रफर्ड फाउंडेशनकडे छोट्या अनुदानासाठी अर्ज करा, पण तिथे निव्वळ प्रबंध चालत नाही, संवर्धनाचा ठोस उपयोग दाखवावा लागतो. दुर्बीण, जीपीएस, कॅमेरा अशा वस्तूंसाठी आयडिया वाइल्ड ही संस्था आहे.

सगळं मिळून हजार ते बाराशे शब्द, एक नकाशा, एक वेळापत्रक. जैवविविधतेचं महत्त्व सांगणारं प्रास्ताविक सहा ओळींत संपवा. समितीला ते पाठ आहे.

प्रश्न: मुलाखतीत नक्की काय विचारतात? (अमरावती)

व्याख्या कमी, कागदावर करून दाखवायचं जास्त. नेहमीचा नमुना: तळ्यातले ४० बेडूक पकडून खूण करून सोडले. आठवड्याने ५० पकडले, त्यांतल्या १० जणांवर खूण होती. तळ्यात बेडूक किती? ४० गुणिले ५० भागिले १०, उत्तर २००. इथवर सगळे येतात. पुढचा प्रश्न खरा: काही खुणा आठवड्यात निघून गेल्या असतील तर उत्तर कुठे सरकेल? खूण असलेले कमी सापडतील, भाजक लहान होईल, अंदाज फुगेल. एकदा पकडलेला बेडूक पुढच्या वेळी हुशार होऊन सटकत असेल तरीही तेच. असं एकेक गृहीतक मोडून पाहायची सवय लावा.

दुसरं, स्वतःच्या एमएस्सी प्रबंधातला कुठलाही आलेख विचारला तर त्यावरच्या उभ्या रेघा प्रमाण विचलन दाखवतात की प्रमाण त्रुटी, हे सांगता आलं पाहिजे. इथे बरेच जण अडखळतात, आणि मग प्रबंध कोणी लिहिला हा संशय उगाच बळावतो. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि कसं शोधाल ते सांगा.

प्रश्न: ताडोब्यात काम करायचं आहे. परवानगी आधी घ्यायची की प्रवेश? (चंद्रपूर)

प्रवेश आधी. परवानगीचा अर्ज संस्थेच्या प्रमुखांमार्फत जातो, व्यक्तीला सहसा मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात अभ्यासासाठी जायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. प्राणी पकडायचा, कॉलर लावायची असेल तर कलम १२ लागू होतं आणि अनुसूची एकमधल्या प्राण्यासाठी प्रकरण केंद्राकडे जातं. अर्जात नकाशा, तारखा, माणसांची आणि गाड्यांची संख्या, पद्धत आणि नमुने गोळा करणार का, हे सगळं लिहा. विष्ठेचे नमुने घेणार असाल तरी लिहा. परवानगीत नसलेली वस्तू नंतर घेता येत नाही, आणि सुधारित परवानगीला पहिल्याइतकाच वेळ लागतो.

नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जैविक विविधता कायदा आडवा येतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. शक्यतो पृथक्करण देशातच होईल असं बघा.

परवानगीला कित्येक महिने लागू शकतात आणि नकारही येऊ शकतो. अख्खा प्रबंध एका परवानगीवर टांगू नका. ब्रह्मपुरी वनविभागात संरक्षित क्षेत्राबाहेर वाघ आहेत, माणसं आहेत, गुरं आहेत. निदान एक प्रकरण तरी तिथलं ठेवा.

प्रश्न: परदेशात फेलोशिपसह पीएचडी मिळते का? आयईएलटीएस दिली आहे, पुढे काय? (फोंडा, गोवा)

मिळते, पण प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे आणि एकच अर्ज सगळीकडे पाठवणं हा सर्वांत मोठा घोटाळा. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षं चालतात, तेवढ्यात उरका.

ब्रिटनमध्ये इकॉलॉजीचा पैसा मुख्यतः एनईआरसी या सरकारी पर्यावरण संशोधन परिषदेच्या डॉक्टरल केंद्रांतून येतो. तिथे बहुधा विषय आधीच ठरवून जाहीर होतो. तुम्ही आराखडा न पाठवता त्या जाहीर विषयाला अर्ज करता. शेवटची तारीख बहुतेक जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, सुरुवात सप्टेंबर-ऑक्टोबरला. २०२५-२६ साठी वार्षिक विद्यावेतन २०,७८० पौंड आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वाटा ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित असतो, त्यामुळे चुरस मोठी. परदेशी विद्यार्थ्याची जास्तीची फी कोण भरतं, हे जाहिरातीत नसेल तर मेल करून विचारा.

जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथे पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरी असते. जाहिरात नोकरीची, करार नोकरीचा, पगारातून कर आणि विमा कापला जातो. एमएस्सी हवीच. जर्मनीच्या जाहिरातीत ‘ई १३, ६५ टक्के’ असं दिसलं तर तो वेतनश्रेणीचा आणि तासांचा हिशेब आहे, घाबरू नका. नॉर्वेत करार तीन वर्षांचा, अध्यापन जोडलं तर चार. जाहिराती वर्षभर येत राहतात आणि मुदत तीन-चार आठवड्यांचीच असते. युराक्सेस या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. तिथेच मेरी क्युरी या युरोपीय महासंघाच्या योजनेतल्या प्रशिक्षण जाळ्यांच्या जागाही दिसतील. त्यांची अट अशी की ज्या देशात जायचं तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावं. भारतातून पहिल्यांदा जाणाऱ्याला ही अट फायद्याचीच.

अमेरिकेत पदवीनंतरही थेट पीएचडीला घेतात, पण इकॉलॉजीत गाईडने आधी होकार दिल्याशिवाय अर्जाला अर्थ नसतो. सप्टेंबरमध्ये लिहा, डिसेंबरमध्ये अर्ज करा. आर्थिक मदतीसह आलेला देकार स्वीकारायला बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. त्याआधी कोणी घाई केली तर शांतपणे त्या तारखेची आठवण करून द्या.

आता दोन ठिकाणी आपली मुलं हमखास अडकतात. शिफारसपत्र: आपल्याकडे सर लेटरहेडवर सही करून ‘ज्याच्याशी संबंधित असेल त्याला’ असं पत्र देतात. परदेशी संकेतस्थळ ते घेत नाही. ते थेट सरांच्या मेलवर दुवा पाठवतं आणि अनेकदा संस्थेचाच मेल मागतं, जीमेल नाही. महाविद्यालयाचा अधिकृत मेल चालू आहे का, हे अर्जाच्या दोन महिने आधी बघा, आणि सरांना तुमच्या प्रबंधाचं एक पान, अर्ज केलेल्या विषयाचं वर्णन आणि तारीख लिहून द्या. दुसरं, गुण. टक्केवारीचं रूपांतर स्वतः चारच्या श्रेणीत करू नका. मूळ गुण, एकूण गुण आणि विद्यापीठातला क्रमांक लिहा. ६५ टक्के म्हणजे मुंबई विद्यापीठात काय, हे तिकडच्या माणसाला क्रमांकावरूनच कळतं. विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट मात्र आजच मागवा, तिला आठवडे लागतात.

सीव्हीतून फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढून टाका.

प्रश्न: मुलाला जेआरएफ मिळाली, प्रवेशही झाला. पैसे दर महिन्याला वेळेवर येतात का? (लातूर, एक आई)

ताई, खरं सांगायचं तर सुरुवातीला नाही. प्रवेश झाल्यावर कागदपत्रं विद्यापीठाच्या फेलोशिप विभागातून वर जातात, आणि पहिला हप्ता यायला काही महिने लागणं नेहमीचं आहे. पैसे बुडत नाहीत, थकबाकीसह येतात. यूजीसीची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट खात्यात जमा होते, पण दर महिन्याला विद्यापीठाने ‘विद्यार्थी हजर आहे’ अशी खातरजमा तिथे करावी लागते. संबंधित लिपिक रजेवर गेले की महिना लटकतो. मुलाला सांगा की महिन्याच्या अखेरीस त्या विभागात स्वतः जाऊन नोंद झाली का ते बघत जा. फील्डवर असेल तर गाईडच्या सहीचं हजेरीपत्र आधीच देऊन जावं. बँक खातं आधारशी जोडलेलं आणि नावाचं स्पेलिंग नेटच्या पत्राप्रमाणेच हवं.

दोन वर्षं झाली की एसआरएफसाठी समिती बसवावी लागते, बाहेरचा तज्ज्ञ बोलावून. ही बैठक आपोआप होत नाही. तारखेच्या दोन महिने आधी पाठपुरावा केला नाही तर जुनाच दर चालू राहतो. आणि पहिल्या सहा महिन्यांच्या खोलीभाड्या-जेवणाची तजवीज घरून करून ठेवता आली तर बरं. विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर घ्यावं. घरभाडे भत्ता मग मिळत नाही, पण पुण्यातली खोली आणि डिपॉझिट वाचतं.

प्रश्न: वय ३६, शाळेत शिक्षक आहे. नोकरी सांभाळून फेलोशिप मिळेल का? (डोंबिवली)

अर्धवेळ पीएचडी २०२२ च्या नियमांत बसते. संस्थेचं ना-हरकत पत्र हवं आणि त्यात अभ्यासासाठी वेळ दिला जाईल असं स्पष्ट लिहिलेलं हवं. फेलोशिप मात्र पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच मिळते, पगार आणि फेलोशिप एकत्र नाही. विषय निवडताना उन्हाळी सुट्टीत जमेल असा प्रश्न घ्या, किंवा खाडीकाठचे पक्षी, कांदळवनातले खेकडे असा घराजवळचा घ्या. भरती-ओहोटीचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवणं हेच तिथलं मुख्य काम राहील. मुदत सहा वर्षांची आहे, पुढे विद्यापीठाच्या परवानगीने दोन वर्षं वाढते, आणि महिलांना व ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन.